कोनानचे चित्रपट : कुठून सुरू करावे आणि काय मागे ठेवावे

'डिटेक्टिव्ह कोनान' या जपानी ॲनिमेशन चित्रपटमालिकेतला मी पाहिलेला पहिला चित्रपट हा तिचा विसावा चित्रपट होता, आणि त्या एका चुकीमुळे पुढची दोन वर्षे मी या मालिकेच्या वाटेला गेलो नाही. दिवाळीच्या सुट्टीत भाची घरी आली होती. तिला रहस्यकथांची गोडी आहे, म्हणून त्यातल्या त्यात नवा आणि देखणा वाटलेला २०१६ चा 'द डार्केस्ट नाइटमेअर' लावला. सुरुवातीलाच रात्रीच्या द्रुतगती मार्गावर एका बाईच्या मागे दोन मोटारी लागतात, एक पांढरी आणि एक लाल. दोन्ही मोटारींतले पुरुष तिलाच पकडायला निघालेले असतात आणि तरीही एकमेकांकडे हाडवैऱ्यासारखे पाहत असतात. "मामा, पांढऱ्या गाडीतला चांगला की लाल गाडीतला?" भाचीने विचारले. मला उत्तर देता आले नाही. अर्ध्या तासाने ती फराळाच्या डब्याकडे वळली आणि मी चित्रपट बंद केला.

दोष चित्रपटाचा नव्हता. या मालिकेत दोन जातींचे चित्रपट एकमेकांत मिसळलेले आहेत. काही स्वतःच्या पायावर उभे राहतात, तर काही टीव्हीवरच्या शेकडो भागांच्या खांद्यावर बसलेले असतात, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखेच दिसतात. हा फरक आधी कळला तर पुढचे सगळे सोपे जाते; तो कळावा म्हणूनच खालच्या पायऱ्या लिहिल्या आहेत.

१. आधी पसारा समजून घ्या

गोशो आओयामा यांची ही चित्रकथा, म्हणजे मांगा, जानेवारी १९९४ मध्ये 'शोनेन संडे' या जपानी साप्ताहिकात सुरू झाली. टीव्ही मालिका ८ जानेवारी १९९६ पासून चालू आहे आणि पहिला चित्रपट १९ एप्रिल १९९७ रोजी जपानच्या चित्रपटगृहांत आला. तेव्हापासून दर एप्रिलमध्ये, मेच्या सुरुवातीला येणाऱ्या 'गोल्डन वीक'च्या सुट्ट्या गाठून, एक नवा चित्रपट येतो. खंड पडला तो फक्त २०२० मध्ये, करोनामुळे. त्या वर्षीचा चित्रपट २०२१ च्या एप्रिलवर गेला. त्यामुळे २०२५ पर्यंत मुख्य मालिकेचे २८ चित्रपट झाले आहेत.

कथेचे मूळ थोडक्यात असे. शिनइची कुदो हा शाळकरी पण नावाजलेला गुप्तहेर काळ्या कपड्यांतल्या माणसांचा एक व्यवहार चोरून पाहताना पकडला जातो. ते त्याला एपीटीएक्स ४८६९ नावाचे विष पाजतात, पण तो मरत नाही, तर पहिलीतल्या मुलाएवढा लहान होतो. आर्थर कॉनन डॉइल आणि जपानी रहस्यकथाकार एदोगावा राम्पो या दोघांची नावे जोडून तो 'कोनान एदोगावा' हे नाव घेतो आणि बालमैत्रीण रान हिच्या घरी राहू लागतो. रानचे वडील कोगोरो मोरी हे जेमतेम चालणारे खासगी गुप्तहेर आहेत. कोनान घड्याळातल्या सुईने त्यांना झोपवतो आणि बो टायमध्ये बसवलेल्या यंत्रातून त्यांच्या आवाजात गुन्हा उलगडून दाखवतो. जवळजवळ प्रत्येक चित्रपटाच्या आरंभी हे सगळे काही मिनिटांत पुन्हा सांगितले जाते, त्यामुळे मूळ कथेसाठी टीव्ही मालिका पाहण्याची सक्ती नाही.

२. हाताशी काय असावे

फार काही लागत नाही, पण खालच्या गोष्टी नसल्या की वेळ वाया जातो.

– क्रमांक आणि वर्ष दोन्ही असलेली चित्रपटांची यादी. नुसत्या नावांवर विसंबू नका.
– तुमच्या देशात अधिकृतपणे चित्रपट दाखवणारी सेवा किंवा डिस्क. हक्क देशागणिक वेगळे असतात आणि चित्रपट येतात-जातात. म्हणून आधी काय उपलब्ध आहे ते पाहा आणि मगच महिन्याचे पैसे भरा. पहिला चित्रपट नसून फक्त अलीकडचे दोन-तीन असतील, तर पाचवी आणि सहावी पायरी वाचल्याशिवाय ते लावू नका.
– मूळ जपानी आवाज आणि सबटायटल्स. हा आग्रह का, ते खाली सांगतो.
– एक वही. नावे जपानी असल्यामुळे पहिल्या दोन-तीन चित्रपटांत कोण कोणाचा कोण हे लिहून ठेवले तर चित्रपट थांबवावा लागत नाही.

शोधताना दोन नावांनी शोधा. अमेरिकेत ही मालिका 'केस क्लोज्ड' या नावाने गेली आणि तिथल्या जुन्या इंग्रजी डबिंगमध्ये पात्रांची बारशीही नव्याने झाली. शिनइचीचा जिमी झाला, रानची रेचल झाली, कोगोरोचा रिचर्ड झाला आणि ओसाकाचा शाळकरी गुप्तहेर हेइजी हात्तोरी चक्क हार्ली हार्टवेल झाला. पहिले सहा चित्रपट या डबिंगमध्ये आहेत. पुढच्या काळातल्या डबिंगमध्ये मूळ नावे परत आली. एक चित्रपट असा आणि एक तसा पाहिलात, तर रान आणि रेचल या दोन वेगळ्या मुली आहेत असा समज व्हायला वेळ लागत नाही.

आता जपानी आवाजाबद्दल. कोनान सगळ्यांसमोर रानला 'रान-नेएचान' म्हणतो, म्हणजे आपल्या भाषेत 'रानताई'. मनात आणि शिनइचीच्या आवाजात फोनवर बोलताना तो तिला नुसते 'रान' म्हणतो. इंग्रजी सबटायटल्समध्ये दोन्हीकडे अनेकदा एकच नाव उमटते आणि मुलगा काय लपवतो आहे याची ती बोच निघून जाते. मराठी कानाला मात्र 'ताई' हा फरक सांगावा लागत नाही. एखाद्या घाईच्या प्रसंगी त्याच्या तोंडून 'रान' निघून जाते आणि मागून तो घाईघाईने 'नेएचान' जोडतो, तेव्हा आमच्या घरी हमखास हशा पिकतो. (या जपानी आवाजात आणखी एक गंमत आहे. पुढे एका महत्त्वाच्या मुलीचे नाव 'आई' आहे, आई हाइबारा. सात वर्षांच्या दिसणाऱ्या मुलीला सगळे 'आई' म्हणतात हे पचायला दोन चित्रपट लागतात.)

३. पहिल्या चित्रपटापासूनच सुरू करा

'द टाइम-बॉम्ब्ड स्कायस्क्रेपर' हा १९९७ चा चित्रपट सुमारे दीड तासाचा आहे. चित्रे आजच्या मानाने साधी आहेत आणि मोबाइल विटेएवढे आहेत, पण या मालिकेचा संपूर्ण साचा इथेच घडला. चोरीला गेलेली स्फोटके, शिनइचीलाच आव्हान देणारा अनोळखी आवाज, आणि वेग ताशी ६० किलोमीटरच्या खाली गेला तर उडतील असे बॉम्ब लावलेल्या वर्तुळाकार मार्गावरच्या गाड्या, असा हा चढता क्रम आहे. मुंबईच्या लोकलने रोज प्रवास करणाऱ्याला तो नियंत्रणकक्षातला प्रसंग जरा जास्तच जवळचा वाटेल.

मात्र चित्रपट लक्षात राहतो तो शेवटच्या वीस मिनिटांमुळे. ४ मे हा शिनइचीचा वाढदिवस. रात्री बारा वाजता तो सुरू होईल, तेव्हा दोघांनी चित्रपटगृहात बरोबर असावे, असे रानने ठरवलेले असते. प्रत्यक्षात ती अडकलेल्या दाराच्या एका बाजूला बॉम्बसमोर बसलेली असते आणि दुसऱ्या बाजूला कोनान शिनइचीच्या आवाजात तिला एकेक तार सांगत असतो. शेवटी दोन तारा उरतात, एक लाल आणि एक निळी. यापुढे मी काही सांगणार नाही. फक्त चित्रपटात रंगांविषयी सहज बोललेली वाक्ये विसरू नका.

४. पुढचे पाच क्रमाने पाहा, पण मध्ये टीव्हीचे चार भाग घ्या

दुसऱ्या ते सहाव्या चित्रपटापर्यंतची रांग माझ्या मते संपूर्ण मालिकेतली सर्वांत भरवशाची आहे, कारण तेव्हा रहस्य आधी आणि धावपळ नंतर असा हिशोब होता.

१९९८ चा 'द फोर्टीन्थ टार्गेट' पाहताना एक गोष्ट माहीत नसेल, तर अर्धी मजा जाते. कोगोरोच्या ओळखीच्या माणसांवर पत्त्यांच्या क्रमाने, तेरापासून खाली, हल्ले होत जातात, आणि तो आकडा प्रत्येकाच्या नावाच्या लिपीत दडलेला असतो. निरीक्षक मेगुरे यांचे 'जूझो' हे नाव 'दहा' आणि 'तीन' या चिन्हांनी लिहिले जाते. प्राध्यापक अगासा यांच्या नावातले शेवटचे चिन्ह फोडले तर 'दहा' आणि 'एक' निघतात. आपल्याकडे दशरथात दहा आणि त्र्यंबकात तीन दिसतात, तोच हा खेळ आहे. फक्त तो कानाला ऐकू येत नाही, डोळ्यांना दिसतो. सबटायटल्समध्ये केवळ 'त्याच्या नावात तेरा आहे' एवढेच येते आणि लेखकाने काहीतरी ओढून-ताणून बसवले आहे, असे वाटत राहते. त्या प्रसंगी पडद्यावर जपानी अक्षरे येतात, तिथे चित्रपट थांबवा आणि नीट पाहा.

यानंतर तिसऱ्या चित्रपटाकडे जाण्याआधी टीव्ही मालिकेचे चार भाग पाहावेत, ही माझी ठाम शिफारस आहे. ४८ आणि ४९ या भागांत ओसाकाचा हेइजी हात्तोरी पहिल्यांदा येतो, ७६ व्या भागात पांढऱ्या पोशाखातला चोर काइतो किड येतो आणि १२९ व्या भागात आई हाइबारा येते. १९९९ चा 'द लास्ट विझार्ड ऑफ द सेंचुरी' या तिघांनाही एकदम पडद्यावर आणतो आणि कोणाचीच ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही.

इथे एक खड्डा आहे, आणि मी स्वतः त्यात पडलो. वरचे क्रमांक जपानी प्रक्षेपणाचे आहेत. जपानमध्ये एक तासाचा किंवा त्याहून मोठा विशेष भाग एकच धरला जातो, तर बाहेरच्या अनेक ठिकाणी त्याचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळा क्रमांक देतात. अकरावा भागच तासाभराचा असल्यामुळे तिथूनच गणित बिघडते आणि पुढे जाऊ तसे अंतर वाढत जाते. १२९ क्रमांकाचा म्हणून मी लावलेला भाग भलताच निघाला, आणि ती हाइबारा कधी येणार याची वाट पाहत मी तो शेवटपर्यंत पाहिला. क्रमांक नव्हे, भागाचे नाव जुळवा.

चौथा आणि पाचवा विनासायास समजतात. पाचव्यात, म्हणजे २००१ च्या 'काउंटडाउन टू हेवन'मध्ये, काळ्या कपड्यांची संघटना चित्रपटात पहिल्यांदा प्रत्यक्ष उतरते. सहावा, 'द फँटम ऑफ बेकर स्ट्रीट' (२००२), निवांत संध्याकाळसाठी राखून ठेवा. ५० मुले एका आभासी खेळात शिरतात आणि त्यांतली काही १८८८ च्या लंडनमध्ये, जॅक द रिपरच्या काळात जाऊन पडतात. तिथे कोनानची एकही यांत्रिक क्लृप्ती चालत नाही, हेच त्या चित्रपटाचे बळ आहे. शेरलॉक होम्स मराठीतून वाचलेल्या माणसाला तर त्यात जागोजागी ओळखीच्या खुणा सापडतील.

५. यानंतर क्रम सोडा आणि पात्र धरा

सहा चित्रपट झाले की वर्षाच्या क्रमाने जाण्याचा हट्ट सोडून द्यावा. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धातले काही चित्रपट बेतास बात आहेत आणि क्रमाने जाणारे पुष्कळ जण तिथेच गळतात. त्याऐवजी जे पात्र आवडले त्याची वाट धरा.

काइतो किड आवडला असेल तर ८, १४, १९, २३ आणि २७ पाहा. मुळात हा किड आओयामांच्याच १९८७ मध्ये सुरू झालेल्या वेगळ्या चित्रकथेचा नायक आहे. त्यामुळे तो खलनायक असूनही लेखकाचा लाडका का, हे कोडे आपोआप सुटते. तेविसावा सिंगापूरमध्ये घडतो.

हेइजी आवडला असेल तर ७, २१ आणि २७ घ्या. सातवा क्योतोमध्ये घडतो. त्या शहराचे रस्ते उभे-आडवे आखलेले आहेत आणि त्यांची नावे क्रमाने पाठ व्हावीत म्हणून तिथे एक जुने बालगीत आहे. चित्रपटात ते नुसते शोभेपुरते येत नाही. एकविसावा, 'द क्रिम्झन लव्ह लेटर' (२०१७), 'कारुता' या पत्त्यांच्या खेळाभोवती फिरतो. शंभर कवींच्या शंभर जुन्या कविता असतात. वाचणारा कवितेचा पूर्वार्ध म्हणू लागतो आणि समोर मांडलेल्या पत्त्यांमधून उत्तरार्धाचा पत्ता जो आधी उडवेल तो जिंकतो. ज्यांनी शाळेत श्लोक पाठ करून स्पर्धा केल्या आहेत, त्यांना पहिल्याच अक्षरावर हात सुटण्याची ती चढाओढ समजावून सांगावी लागणार नाही. सत्ताविसावा होक्काइदोतल्या हाकोदाते शहरात, पाच टोकांच्या ताऱ्यासारख्या गोर्योकाकु किल्ल्याच्या सावलीत घडतो. त्यात किड आणि हेइजी दोघेही असल्यामुळे त्या दोन वाटा तिथे एकत्र येतात.

संघटनेच्या वाटेवर ५, १३, २० आणि २६ आहेत. इथे मात्र घाई करू नये.

अलीकडच्या चित्रपटांपैकी कोणता आपल्या प्रकृतीचा, हे ओळखायला पटकथाकाराचे नाव पाहा. विसाव्यापासून २८ व्यापर्यंत ताकेहारू साकुराई आणि ताकाहिरो ओकुरा यांनी आळीपाळीने लिहिले आहे. सम क्रमांक साकुराईंचे, विषम ओकुरांचे. साकुराईंना पोलीस, गुप्तचर खाती आणि त्यांच्यातले हेवेदावे यांत रस आहे. ओकुरा साहस, प्रेमाची ओढाताण आणि प्रेक्षणीय शहरे यांत रमतात. अर्थात, कोणाचाही चित्रपट असला तरी शेवटी कोनान एखादा चेंडू लाथाडून इमारतीएवढे संकट परतवणार, याची मनाची तयारी ठेवावी. पदार्थविज्ञानाचे पुस्तक त्या वेळी मिटून ठेवलेलेच बरे.

६. हे चित्रपट सुरुवातीला उघडूच नका

१८, २०, २२, २४ आणि २६ हे पाच टीव्ही मालिकेच्या खांद्यावर बसलेले चित्रपट आहेत. ते समजत नाहीत एवढीच अडचण असती तर मी इतका आग्रह धरला नसता. खरी अडचण अशी की त्यांच्या आरंभीच्या दोन मिनिटांत, पात्रांची ओळख करून देताना, टीव्ही मालिकेने वर्षानुवर्षे जपलेली गुपिते सहज सांगून टाकली जातात. अठराव्यात तर (२०१४) अगदी शेवटच्या क्षणी एक गुपित फुटते, आणि त्याची पूर्ण कथा टीव्हीवर ७७९ ते ७८३ या भागांत पुढच्या वर्षी आली. त्या कथेची उत्सुकता एकदा गेली की ती परत मिळत नाही.

या पाच चित्रपटांसाठी टीव्हीचे किमान हे विशेष भाग आधी पाहावेत: ३४५, ४२५, ४९१ ते ५०४, ७०१ ते ७०४ आणि ७७९ ते ७८३. क्रमांकांबाबतची वरची सूचना इथेही लागू आहे. एवढे पाहायला तीन-चार शनिवार-रविवार पुरतात. त्यानंतर २०२३ चा 'ब्लॅक आयर्न सबमरीन' पाहिलात, तर हाइबाराचे मौन कशासाठी आहे ते कळेल. जपानमध्ये १० अब्ज येनांचा पल्ला ओलांडणारा हा या मालिकेतला पहिला चित्रपट. विसावा मी भाचीबरोबर याच तयारीनिशी पुन्हा पाहिला, तेव्हा दोन गाड्यांविषयीचे उत्तर तिने मला दिले आणि ते एका शब्दात मावणारे नव्हते.

७. यादीत घुसलेले पाहुणे ओळखा

चित्रपट शोधताना मुख्य मालिकेत नसलेल्या काही गोष्टीही समोर येतात. डिसेंबर २०१३ चा 'लुपिन द थर्ड व्हर्सेस डिटेक्टिव्ह कोनान' हा दोन मालिकांची गाठ घालणारा स्वतंत्र चित्रपट आहे. तो २८ मध्ये धरला जात नाही. 'द स्कार्लेट अलिबाय' (२०२१) किंवा हाइबारावरचा २०२३ चा संकलन-चित्रपट हे टीव्हीचे जुने भाग जोडून, येणाऱ्या चित्रपटाची उजळणी म्हणून काढलेले आहेत. नवी कथा म्हणून तिकीट काढाल तर फसाल. उजळणी म्हणून मात्र ते उपयोगी आहेत. 'एपिसोड वन' (२०१६) हा टीव्हीसाठीचा विशेष भाग असून त्यात मूळ कथा नव्याने सांगितली आहे. जुनी चित्रे सहन होत नसतील त्यांनी आरंभासाठी तो घ्यावा. खरीखुरी माणसे असलेले काही दिसले, तर तो टीव्हीवरचा नाट्यप्रयोग समजावा.

चौदाव्या चित्रपटापासून कोगोरोचा आवाज बदललेला जाणवेल. तो तुमच्या प्रतीतला बिघाड नव्हे. अकिरा कामिया यांच्या जागी रिकिया कोयामा आले. कोनानचा आवाज मात्र १९९६ पासून मिनामी ताकायामा यांचाच आहे.

आणि लहान मुलांविषयी एक गोष्ट. नायक सात वर्षांचा दिसतो म्हणून हे बालचित्रपट ठरत नाहीत. खून दाखवले जातात, रक्त दिसते, आणि चौथ्या चित्रपटात तर पोलिसांवर जवळून गोळ्या झाडल्या जातात. दहा वर्षांखालच्या मुलांना एकटे बसवू नये, असे माझे मत आहे.

८. नामावली सुरू झाली तरी उठू नका

गाणे लागते, नावे वर सरकू लागतात आणि पडद्यावर अचानक खऱ्या शहराची, खऱ्या पुलांची आणि रस्त्यांची दृश्ये येतात. ही या मालिकेची जुनी पद्धत आहे. पाहणारे पुष्कळ जण इथे दिवा लावतात. पण त्यानंतर एक छोटा प्रसंग शिल्लक असतो, आणि काही चित्रपटांत गुन्ह्याशी संबंध नसलेला पण रान-शिनइचीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा क्षण तिथेच ठेवलेला असतो. अलीकडच्या चित्रपटांत त्याच्याही पुढे काही सेकंदांची एक तुटक झलक येते. एखादा आवाज, एखादे ठिकाण, एखादे वाक्य. तो पुढच्या एप्रिलचा इशारा असतो. कोणाचा आवाज होता ते वहीत लिहून ठेवा, म्हणजे त्या पात्राचे टीव्हीवरचे भाग शोधायला हाताशी वर्ष मिळते.